सातबाऱ्याबाहेरची माय

१

दारिद्र्य आणि जात यांचा संबंध आपल्या चळवळीने पुरता उलगडून दाखविला आहे. भूमिहीन कोण, सालगडी कोण, दुष्काळी कामावर खडी फोडणारा कोण, या प्रश्नांची उत्तरे गावकुसाबाहेर सापडतात, हे आज कोणी नाकारू शकत नाही. परंतु या मांडणीत एक गृहीत राहून गेले. घर गरीब असले म्हणजे त्या घरातली सगळी माणसे सारखीच गरीब असतात, असे आपण धरून चाललो. एका चुलीवर शिजते, एका छपराखाली सगळे निजतात, तेव्हा दारिद्र्याचे वाटेही सारखेच पडत असतील, असे आपल्याला वाटले. हे गृहीत खोटे आहे. ते मी पुस्तकात वाचून म्हणत नाही. पुस्तके मी नंतर वाचली. आधी मी माझी माय पाहिली.

मी मूळची हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातील एका खेड्याची. जन्मले तेव्हा हा भाग परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. मी शिकले, शाळेत मास्तरीण झाले, निवृत्त झाले. माय २००९ साली वारली. दिवसकार्य आटोपल्यावर तिची पत्र्याची पेटी मी उघडली. तीत मतदानाचे ओळखपत्र होते, निराधार अनुदानाचे पासबुक होते आणि रोजगार हमीच्या कामावरची एक विटलेली चिठ्ठी होती. पासष्ट वर्षे जिने मातीत हात घातला, तिच्या नावावर मातीचा तुकडा नव्हता. ती राहत होती ते घर बापाच्या नावावरून भावाच्या नावावर गेले होते. तिने तीस वर्षे कसलेली गायरानाची जमीन माझ्या चुलत्याच्या नावावर होती.

आमच्या घराण्यात बाप गरीब होता आणि माय दरिद्री होती. हा फरक कसा पडला, कोणी पाडला आणि तो पडताना आपली चळवळ काय करीत होती, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

सुरुवात गावगाड्यापासून केली पाहिजे. निजामी राजवटीत मराठवाड्यातल्या खेड्यांची घडी १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत फारशी विस्कटली नव्हती. महारकीची कामे, येसकराची पाळी, मेलेले ढोर ओढणे, सांगावा पोहोचवणे ही कामे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांवर आपल्या लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु ही कामे एकटा पुरुष करीत नव्हता. पाटलाचे अंगण झाडणे, गोठ्यातले शेण काढणे, भिंती सारवणे, सरपण पोहोचवणे, सुगीत खळ्यावर राबणे ही कामे बायकांची होती. मांगवाड्यातल्या बायका सुईणपण करीत. संध्याकाळी पाटी घेऊन दारोदार भाकरी मागायला जाणारी बहुधा बाईच असे. पुरुषाला काठी आणि घोंगडी मिळाली, बाईला पाटी मिळाली.

आता हिशेब पाहा. काम दोघांचे होते. हक्क मात्र एकाच्या नावाने लागे. बलुते घरामागे मिळे आणि घर म्हणजे पुरुष. तो मेला की पाळी भावाकडे किंवा पुतण्याकडे जाई. विधवेचे काम तेवढे शिल्लक राही. ती सारवीत राही, झाडीत राही, पण आता ती हक्काची माणूस नसे, दुसऱ्याच्या पाळीत राबणारी असे. म्हणजे सवर्णांनी आमच्या पुरुषांना जे केले, त्याचीच एक पायरी आमच्या वस्तीत खाली उतरली होती.

हे दुःख प्रथम लिहिले तेही एका मुलीनेच. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. त्यात तिने बाळंत होणाऱ्या मांग-महार बायकांच्या घरावर छप्परही नसते, हे लिहून ठेवले. गरिबी बाईच्या देहावर कशी वेगळी उमटते, हे त्या शाळकरी मुलीला कळले होते. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या अनेक विद्वानांना ते कळायला वेळ लागला.

आमच्या जिल्ह्यात नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ते मानले जाते. शेजारच्या गंगाखेडची जनाबाई त्यांच्या घरी दळण-कांडण करीत राहिली आणि नामदेवांची दासी म्हणूनच तिने स्वतःची ओळख ठेवली. भक्तीच्या बाजूने त्याचा अर्थ कोणी कसाही लावो. कष्टाच्या बाजूने पाहिले तर दिसते ते असे की, सातशे वर्षांपूर्वीही राबणाऱ्या बाईला स्वतःची ओळख सांगताना घरधन्याचे नाव घ्यावे लागत होते.

३

स्वातंत्र्यानंतर गावगाडा मोडू लागला. इनामे-वतने कायद्याने गेली. १९५६ साली धर्मांतर झाले आणि आमच्या वस्तीने ढोर ओढणे, भाकरी मागणे सोडले. तो आमच्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण होता, यात शंका नाही. माय सांगायची, पाटी फेकली त्या दिवशी पोटात अन्न नव्हते, पण मान हलकी झाली होती. ही मान हलकी झाली त्याची किंमत रोज संध्याकाळी चुलीपुढे बसणाऱ्या बाईला द्यावी लागली. हक्काची भाकरी गेली. तिच्या जागी रोजाची मजुरी आली. मजुरी देणे सवर्णांच्या मर्जीवर होते.

म्हणून जमिनीचा प्रश्न आला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यात १९५३ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९५९ साली पुन्हा झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर जो सत्याग्रह केला, त्यात तीन लाखांवर माणसे तुरुंगात गेली. या लढ्यांत बायका मागे नव्हत्या. शांताबाई दाणी आणि गीताबाई गायकवाड यांची नावे तरी आपल्याला माहीत आहेत. काखेत पोरे घेऊन तुरुंगात गेलेल्या शेकडो बायकांची नावे माहीत नाहीत. त्यांतल्या काहींचा शोध उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात घेतला, तो १९८९ साली.

या सत्याग्रहाच्या लाटेत आमच्या गावच्या बौद्धवाड्यानेही गायरान धरले. माझ्या बापाच्या वाट्याला अडीच एकर माळ आला. दगड वेचले मायने. बांध घातला दोघांनी. पहिल्या वर्षी हायब्रीड पेरली तीही दोघांनी. तलाठ्याच्या अतिक्रमणाच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना एक-ई मध्ये, नाव लागले ते बापाचे. यात कोणाला काही वावगे वाटले नाही. चळवळीच्या कार्यकर्त्यांनाही नाही, मायलाही नाही. सत्याग्रहाला बाई चालते, तुरुंगाला बाई चालते, नोंदवहीला मात्र बाप्याच लागतो, असा हा प्रकार होता.

१९७८ साल आले. २७ जुलै रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. परभणी व नांदेड जिल्ह्यांतल्या खेड्यांना त्याची झळ फार लागली. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, बहिष्कार पडला. बहिष्काराचे अर्थशास्त्र आपण नीट तपासलेले नाही. बहिष्कार पडला तेव्हा आमचे पुरुष हिंगोलीला, पूर्णेला, काही पार मुंबईपर्यंत कामाला निघून गेले. बायका पोरे-म्हातारे सांभाळून गावातच राहिल्या. खुरपणीचे काम बंद. बांधावरचे गवत बंद. शेण-सरपण बंद. विहिरीचे पाणी बंद. गावात राहून जे जे मिळवायचे ते सगळे बाई मिळवीत होती आणि तेच सगळे बंद झाले होते. नामांतराच्या लढ्यात कोण शहीद झाले याची यादी आपण करतो, ती केलीच पाहिजे. त्या पावसाळ्यात किती बायकांनी किती रात्री पाण्यावर काढल्या, याची यादी कोणी केलेली नाही.

४

या सगळ्यात एक काळ असा आला की, मायला स्वतःचा पैसा मिळाला. तो काळ दुष्काळाचा होता, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. बाप दूर एका बागायतदाराकडे सालाने होता. माय नाला बांधाच्या कामावर जाई. तांबड्या मिलोच्या भाकरी, कामावर पोरांना मिळणारी सुकडी, खडीच्या ब्रासचे माप, हे माझ्या पिढीतल्या मराठवाड्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्यांत बायकांची संख्या इतकी होती की, काम मागणारा मजूर म्हणजे बाप्या, ही शासनाची कल्पनाच त्या कामांवर मोडून पडली.

वि. स. पागे यांनी आखलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, गावाजवळ काम, आणि कामाच्या मापावर दाम. त्यात बाई-बाप्या असा दरात भेद नव्हता. आज या योजनेचे मूल्यमापन करणारे तिच्यातला भ्रष्टाचार, खोटे हजेरीपट, थकलेले पगार यांवर लिहितात. ते खरेच आहे. पण माझ्या मायच्या बाजूने तिचे मूल्य दुसरेच होते. शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर नाव बदललेल्या, कुठल्याच कागदावर नसलेल्या त्या बाईचे नाव हजेरीपटावर लागले. पगाराच्या दिवशी तिचा अंगठा तिनेच उठवला. ती म्हणायची, “दुष्काळात उपाशी व्हतो बाई, पण पैसा माह्या हातात पडायचा.”

हे वाक्य मी पुष्कळ वर्षे नुसते ऐकले. त्याचा अर्थ फार उशिरा कळला. बाईचे दारिद्र्य हे केवळ उत्पन्न कमी असण्यात नाही. उत्पन्नावर तिची सत्ता नसण्यात आहे. सुगीच्या वर्षी घरात धान्य जास्त असे, पण ते बापाचे असे. दुष्काळाच्या वर्षी धान्य कमी असे, पण त्यातले काही तिचे असे. तेवढ्या पैशांवर तिने मला पुढच्या शाळेसाठी कळमनुरीला ठेवले. बापाचा त्याला विरोध होता. हजेरीपटावर तिचे नाव लागले नसते तर मी हा लेख लिहायला शिकले नसते.

पुढे कामे कमी झाली. २००५ साली केंद्राचा रोजगार हमीचा कायदा आला, त्यात जॉबकार्ड घराचे निघाले. बँकेतील खाते कोणाच्या नावाचे, यावर मजुरी कोणाच्या हाती पडणार हे ठरू लागले. अंगठा उठवायचा प्रश्न पुन्हा नव्या रूपात आला.

५

शेतीतल्या मजुरीकडे वळू. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. एकाच कामाला बाई व पुरुष यांना वेगळी मजुरी देता येणार नाही, असे त्याने सांगितले. तरीही आमच्या भागात बाईचा रोज पुरुषाच्या रोजापेक्षा कमीच राहिला. कायदा मोडल्यामुळे हे झाले असे म्हणणे सोपे आहे. खरी गोम दुसरीकडे आहे. काम ‘एकच’ ठेवलेले नाही. खुरपणी, निंदणी, कापूस वेचणी बाईची. औत, फवारणी, पोती उचलणे पुरुषाचे. कामांची वाटणी आधी करायची, बाईच्या कामाला हलके म्हणायचे, आणि मग हलक्या कामाला हलका दाम द्यायचा. कायद्याला मोडता न घालता कायद्याला वळसा घातला जातो. जातिव्यवस्था हेच करीत आली नाही काय? आधी काम वाटून द्यायचे, मग कामावरून माणूस हलका ठरवायचा.

वसमतच्या हळदीचे उदाहरण घ्या. हिंगोली आणि वसमत येथील हळदीचे बाजार आज महाराष्ट्रात नावाजलेले आहेत. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ही हळद कोणाच्या हातांतून जाते? बेणे निवडतात बायका, लावण करतात बायका, खुरपतात बायका. जमीन उकरल्यावर कंद वेचून, माती झाडून, गड्डे आणि हळकुंडे वेगळी करतात त्याही बायकाच. त्यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, बंजारा आहेत, आंध आदिवासी आहेत. महिनाभर त्यांचे हात पिवळे असतात. हळदीचे मोल बाजारात गेल्यावर ठरते आणि बाजारात ही बाई कुठेच नसते. पट्टी शेतकऱ्याच्या नावाने फाटते; हमालाची, तोलाईची नोंद होते. वेचणारीची नोंद होत नाही.

याहून उघडे उदाहरण कोयत्याचे आहे. आमच्याकडच्या तांड्यांवरून व वस्त्यांवरून दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला जातात. मुकादम ज्याला एक ‘कोयता’ म्हणतो ती दोन माणसे असतात, नवरा आणि बायको. उचल एका कोयत्याला मिळते आणि ती नवऱ्याच्या हाती दिली जाते. बाई ऊस तोडते, पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. पहाटे उठून तिने भाकरी थापलेल्या असतात, रात्री येऊन पुन्हा थापायच्या असतात. तिच्या श्रमाला स्वतंत्र संख्याच नाही. ती अर्धा कोयता आहे. खाडा झाला तर दंड बसतो, म्हणून पाळीचे दुखणेही परवडत नाही. बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. हे आरोग्याचे आकडे म्हणून छापून आले. मी त्यांना मजुरीचे आकडे म्हणते. उचल फेडण्यासाठी देहातला एक अवयव मोजून दिला गेला आहे.

आणि ज्या कामाला मजुरीच नाही त्याचे काय? केंद्र सरकारने २०१९ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे दिसले. पाच तास. आठ तासांच्या रोजगारावर जाण्याआधीचे आणि आल्यानंतरचे हे पाच तास. ज्याला हे पाच तास कोणी फुकट देते, तो पुरुष मजूर गरीब असतो, पण त्याच्या श्रमामागे आणखी एक श्रम उभा असतो. बाईच्या मागे कोणी उभे नसते.

६

आता वारशाकडे येते. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले आणि ते होत नाही असे दिसल्यावर, इतरही कारणांसह, सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे तुकड्यातुकड्यांनी जे कायदे झाले त्यांत १९५६ चा वारसा कायदा होता. तो बौद्धांनाही लागू आहे. त्या कायद्यात मुलीला बापाच्या स्वतःच्या मिळकतीत हिस्सा मिळाला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क मुलाचाच राहिला. शेतजमिनीच्या कूळकायद्यांना आणि कमाल धारणेच्या कायद्यांना त्यातून वगळण्यात आले होते. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना जन्मतः हिस्सा दिला, केंद्राने २००५ साली दिला व ते वगळणारे कलमही त्याच वेळी काढून टाकले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने बाप हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मानेच आहे, असा निर्वाळा दिला.

कागदावर हे पुष्कळ झाले. पण बाप मेल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद होते, त्याच्यापाठोपाठ हक्कसोडपत्र येते. बहिणीने माहेर राखायचे असेल तर सही करायची, हा अलिखित कायदा लिखित कायद्यापेक्षा बळकट आहे. ही सही मीही केली आहे. बापाचे घर भावाच्या नावावर करताना मी शिकलेली होते, पगारदार होते, आंबेडकर जयंतीला हिंदू कोड बिलावर भाषण करीत होते. तरीही सही केली. मला गरज नाही, असे मी स्वतःला समजावले. त्या घरात माय राहते आणि तिच्या डोक्यावरचे छप्पर मी दुसऱ्याच्या मर्जीवर सोडते आहे, हे मला त्या दिवशी दिसले नाही. दिसले तेव्हा माय नव्हती.

गायरानाचे तर त्याहून वाईट झाले. बाप १९८३ साली वारला. त्यानंतर जमीन कसत होती माय. पण तहसीलीत जाणे-येणे, दंड भरणे चुलता करी, म्हणून दंडाच्या पावत्या त्याच्या नावाने फाटू लागल्या. २८ नोव्हेंबर १९९१ रोजी शासनाचा निर्णय निघाला. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन दलितांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करावयाची होती. पुरावा मागितला गेला. पुरावा म्हणजे पावती, आणि पावती चुलत्याच्या नावाची. जमीन त्याच्या नावावर झाली. माय चुलत्याला म्हणाली, “भाऊजी, माहं नाव तरी लावा संगं.” चुलता म्हणाला, “बाईमाणसाच्या नावावर जमीन करून काय करायचं वहिनी? उद्या तुमचे जावई हिस्सा मागतील.” चुलता वाईट माणूस नव्हता. नामांतरासाठी त्याने लाठ्या खाल्ल्या होत्या. त्याच्या डोक्यात बसलेली व्यवस्था त्याच्या तोंडून बोलत होती. त्यानंतर माय त्याच अडीच एकरांत, स्वतः दगड वेचलेल्या रानात, दिराची मजूर म्हणून खुरपायला जात राहिली.

याच सुमारास शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला होता. नवऱ्याने स्वेच्छेने जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करावा, असा तो कार्यक्रम. अनेक गावांनी तो केला आणि ते चांगलेच झाले. परंतु ज्याच्याकडे सातबारा आहे त्याच्या बायकोची मुक्ती त्यात होती. सातबाराच नसलेल्या घरातील बाई त्यात बसत नव्हती. स्त्री चळवळीने बाईला हक्क मागितला तेव्हा जमीन आहे असे धरले. दलित चळवळीने जमीन मागितली तेव्हा मागणारा पुरुष आहे असे धरले. माझी माय या दोन गृहीतांच्या मधल्या बांधावर उभी होती.

शेतकरी आत्महत्यांनंतर हा प्रश्न सवर्ण घरांतही उघडा पडला. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली मराठवाडा व विदर्भातल्या ११ जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ विधवांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के बायकांना नवऱ्याच्या शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. कर्ज मात्र त्यांच्याकडे मागितले जात होते. पुरुष मेल्यावर जमीन त्याच्या भावकीकडे जाते आणि दारिद्र्य त्याच्या बायकोकडे.

७

अमेरिकेतल्या डायना पियर्स या विदुषीने १९७८ साली दाखवून दिले की, त्या श्रीमंत देशातही सोळा वर्षांवरील गरिबांत दोन-तृतीयांश स्त्रिया आहेत. घटस्फोट झाला, नवरा गेला, की मुलांचा भार बाईवर आणि कमाई अपुरी. दारिद्र्य बायकांकडे सरकते आहे, असा तिचा निष्कर्ष होता. पुढे अमर्त्य सेन यांनी, घर ही सहकाराची जागा आहे तशीच झगड्याचीही आहे, आणि ज्याची सौदाशक्ती कमी त्याच्या वाट्याला कमी येते, असे मांडले. बिना अगरवाल यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात जमिनीवरची सत्ता हाच त्या सौदाशक्तीचा पाया आहे, हे दक्षिण आशियाच्या पुराव्यांनिशी सिद्ध केले. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीखालील खात्यांपैकी सुमारे १४ टक्केच खाती बायकांच्या हाती होती. या सगळ्यांचे ऋण आपण मानले पाहिजे.

परंतु या मांडण्यांत आपल्या अनुभवाची जागा आपणच भरायची आहे. डॉ. आंबेडकरांनी १९१६ सालच्या जातिविषयक निबंधात दाखवून दिले की, जातीची कुंपणे बाईवर बंधने घालूनच टिकतात. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्याची साधने. म्हणजे बाईचे परावलंबन ही जातिव्यवस्थेची गरज आहे. मालमत्ता जातीत व घराण्यात राहावी म्हणून बाईला मालमत्तेबाहेर ठेवावे लागते. याच व्यवस्थेने दलिताला जमिनीबाहेर ठेवले. दलित बाई दोन्हींच्या बाहेर आहे. गोपाळ गुरू यांनी १९९५ साली आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रीच्या वेगळ्या बोलण्याविषयी जे लिहिले, त्याचा आर्थिक अर्थ मला असा लागतो.

सरकारला हे अजिबात कळलेले नाही असे नाही. २००४ साली निघालेल्या दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देताना विधवा व परित्यक्तांना अग्रक्रम ठेवला गेला. पण जमीन विकत घेऊन द्यायची, आणि सरकारी दराने विकणारा मिळायचा नाही, म्हणून पुष्कळ अर्ज फायलींतच राहिले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातल्या ज्येष्ठ बाईला कुटुंबप्रमुख केले. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने कागदपत्रांवर आईचे नाव लावायचे ठरवले, आणि त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेतून महिना १,५०० रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले. ते मिळाल्याने मायसारख्या बाईच्या हातात चार पैसे पडतात, याला मी नावे ठेवणार नाही. पण बहीण म्हणून ओवाळणी घालणे वेगळे आणि वारस म्हणून हिस्सा देणे वेगळे. ओवाळणी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. शिधापत्रिकेवर प्रमुख आणि सातबाऱ्यावर गैरहजर, अशी बाई दारिद्र्यातून बाहेर पडू शकत नाही.

८

हे सगळे लिहिताना कार्यकर्त्या मित्रांचा आक्षेप मला आधीच ऐकू येतो. “बाई, घरातली धुणी चव्हाट्यावर धुतल्याने चळवळ दुबळी होईल.” मला उलटे वाटते. जी चळवळ घराचा हिशेब तपासायला भिते, तिला गावाचा हिशेब मागण्याचा अधिकार पुरता वापरता येत नाही. समाजाची प्रगती त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायची, हे माप बाबासाहेबांनीच आपल्या हातात दिले आहे. ते माप भिंतीवर टांगून ठेवण्यासाठी नाही.

तेव्हा काही साध्या गोष्टी करता येतील. गायरानाच्या प्रत्येक अर्जावर नवरा-बायको दोघांची नावे असल्याशिवाय चळवळीने तो अर्ज पुढे नेऊ नये. दंडाची पावती कसणाऱ्या बाईच्या नावानेही फाडावी, असा आग्रह धरावा. बाप वारला की वारसनोंदीच्या दिवशी आपला एक कार्यकर्ता तलाठी सज्जावर हजर असावा आणि आईचे नाव लागल्याशिवाय त्याने उठू नये. एका कोयत्यामागे दोन नोंदी, दोन उचली मागाव्यात. शिक्षकांनी मुलांना सातबारा वाचायला शिकवावे, आणि घरी जाऊन आपल्या आईचे नाव कुठल्या कागदावर आहे ते शोधायला सांगावे. मी शेवटच्या काही वर्षांत हे वर्गात करून पाहिले. मुले शिधापत्रिका घेऊन आली, मतदानाची कार्डे घेऊन आली. आईच्या नावाचा सातबारा पस्तीस मुलांत एकानेही आणला नाही.

मागच्या वर्षी मी चुलतभावाकडे गेले होते. चुलता आता नाही. जमीन त्याच्या तीन मुलांत वाटली आहे आणि तिन्ही उताऱ्यांवर तिघांचीच नावे आहेत. बहिणींनी सह्या केल्या आहेत. मी त्या रानात उभी राहिले. बांधावर दगडांचा ढीग अजून आहे. ते दगड मायने वेचलेले आहेत. चुलतभावाची सून खुरपत होती. मी तिला विचारले, “बाई, नाव लावलंय का तुझं?” ती हसली आणि म्हणाली, “कशाला लावतेत, आत्याबाई? मी का कुठं चाललेय?”

हेच मायलाही वाटले होते.